चिवड्याचं पाकीट, कांद्याचं उळं आणि पी व्हॅल्यू: हायपोथेसिस टेस्ट हाताने कशी करायची

मावसभावाचा अंबडला छोटा गाळा आहे, चिवडा पॅकिंगचा. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी रात्री त्याचा फोन, म्हणे अरे मशीन पाकिटात जास्त भरतंय असं वाटतंय, कढईतून निघालेला माल आणि भरलेली पाकिटं यांचा हिशोबच लागत नाहीये, आणि मशीनवरचे काका म्हणतात मशीन एकदम ओके आहे, मी काट्यावर ठेवून बघितलंय. पाकीट २५० ग्रॅमचं, काकांनी दोन बघितली होती, एक २५१ ग्रॅम आणि एक २४९. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटत होते आणि नेमकी हीच भानगड सोडवायला हायपोथेसिस टेस्ट असते.

मी एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो म्हणून घरच्यांना वाटतं याला आकड्यातलं सगळं कळतं. खरं सांगू का, कॉलेजात हा चॅप्टर मी नुसता घोकून पास झालो होतो, झेड कधी आणि टी कधी एवढं पाठ, अर्थ शून्य. समजला तो या चिवड्यामुळे, मग मामांच्या कांद्यामुळे. म्हणून ज्या क्रमाने मला कळलं त्याच क्रमाने लिहितोय, कॅल्क्युलेटर आणि कागद पुरतो, एक्सेल असेल तर चांगलंच.

आधी प्रश्न, फॉर्म्युला नंतर

"मशीन ठीक आहे का" हा टेस्ट करता येणारा प्रश्न नाहीच. प्रश्न असा पाहिजे की आजच्या सेटिंगवर या मशीनमधून जी काही पाकिटं निघतील त्या सगळ्यांची सरासरी २५० ग्रॅम आहे का. यातला "सगळ्यांची" हा शब्द महत्त्वाचा. ती सगळी पाकिटं म्हणजे पॉप्युलेशन, ती आपण कधीच पूर्ण मोजणार नाही, आपल्या हातात येणार ती मूठभर पाकिटं म्हणजे सॅम्पल. मुठीवरून पोत्याबद्दल बोलायचंय, एवढाच सगळा खेळ.

आता दोन वाक्यं लिहायची. पहिलं नल हायपोथेसिस, पुस्तकात त्याला शून्य परिकल्पना म्हणतात: सरासरी बरोबर २५० आहे. दुसरं अल्टरनेट: सरासरी २५० नाही. नलमध्ये "काही बिघडलेलं नाही, नेहमीसारखं चाललंय" हे म्हणणं असतं आणि त्यात एक ठोस आकडा असतो, कारण सगळं गणित त्या आकड्यावर उभं राहणार. आणि ही दोन्ही वाक्यं पॉप्युलेशनबद्दल असतात. "सॅम्पलची सरासरी २५० आहे" असं नलमध्ये लिहिलं की मार्क गेले समजा, सॅम्पलची सरासरी तर तुम्ही काट्यावर मोजणारच आहात, तिच्याबद्दल अंदाज कशाला बांधायचा.

अल्टरनेटमध्ये "नाही" लिहायचं की "जास्त आहे" की "कमी आहे"? भावाला कमी भरलं तरी त्रास, कारण वजनमापाच्या नियमात एखाद्या पाकिटाला थोडी सूट असली तरी सरासरी लेबलपेक्षा खाली चालत नाही, आणि जास्त भरलं तर खिशाला चटका. दोन्ही बाजू महत्त्वाच्या म्हणून टू टेल्ड. एकच बाजू खरोखर कामाची असेल तरच वन टेल्ड, आणि हे पाकिटं मोजायच्या आधी ठरवायचं. आकडे बघून मग "अरे जास्तच दिसतंय, वन टेल्ड करूया" म्हटलं की पी व्हॅल्यू (नल खरं असताना एवढा फरक योगायोगाने दिसायची शक्यता, नीट पुढे सांगतो) अर्धी होते आणि तुम्ही स्वतःलाच गंडवलेलं असतं.

दोन चुका, दोन्हीची किंमत वेगळी

मशीन चांगलं असताना आपण बिघडलंय म्हणून बंद केलं तर ती पहिली चूक, टाइप वन. लाइन थांबली, फिटर बोलावला, बायका हात बांधून बसल्या, मजुरी चालूच. मशीन बिघडलेलं असताना ठीक म्हणून चालू ठेवलं तर दुसरी चूक, टाइप टू, रोज थोडा थोडा चिवडा फुकट जातोय आणि कुणाला पत्ता नाही. पहिल्या चुकीची किती शक्यता आपण चालवून घेणार तो आकडा म्हणजे अल्फा, बहुतेक जण ०.०५ घेतात. हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही, संख्याशास्त्रातल्या फिशर साहेबांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीचा म्हणून सांगितला आणि तोच चिकटला. लाइन थांबवणं फार महागात जात असेल तर ०.०१ घ्या, पण मग दुसरी चूक वाढते, सॅम्पल तेवढंच ठेवून दोन्ही कमी होत नाहीत.

दोन चुकांचा हा रोखठोक हिशोब १९३३ साली नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी मांडला. आपले साताऱ्याकडच्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला यांच्याच हाताखाली शिकले आणि इकडे येऊन पीक कापणीच्या सॅम्पलिंगवर काम केलं. विम्याच्या वेळी गावात येऊन एवढासा प्लॉट आखून कापतात ना, त्यामागचं गणित याच घराण्यातलं, गावात त्या प्लॉटवरून भांडणं होतात ती वेगळी.

सॅम्पल कसं घ्यायचं, आणि मी कसा आपटलो

माझी पहिली फेरी वाया गेली. सकाळी आठला गाळ्यावर गेलो, मशीन चालू झालं आणि निघालेली पहिली वीस पाकिटं सलग उचलली, मोजली, सरासरी आली २५० च्या अगदी जवळ. काका खूश, भाऊ नाराज, मी चहा पिऊन घरी. संध्याकाळी भावाने सहज दोन पाकिटं काट्यावर ठेवली तर २५४ आणि २५३. मग डोक्यात प्रकाश पडला की सकाळी हॉपर, म्हणजे मशीनवरची माल ओतायची टाकी, काठोकाठ होता, शेव वेगळी, पोहे वेगळे, दुपारी तळाचा चुरा खाली येतो आणि चुरा जड बसतो. माझी वीस पाकिटं म्हणजे वीस माहित्या नव्हत्या, एकच माहिती वीस वेळा मोजली होती.

टेस्टच्या फॉर्म्युल्याला हे कळत नाही, तो गपचूप आकडा काढून देतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत दर तासाला एक, आणि तासातलं नेमकं कितवं मिनिट हे चिठ्ठ्या टाकून, अशी बारा पाकिटं घेतली. काकांना आधी सांगितलं नाही कधी येणार ते. रिकाम्या पाऊचचं वजन वजा केलं, हे विसरू नका, पाऊचसकट मोजलं तर सरासरी आपोआपच वाढलेली दिसेल. आणि काट्यावर आधी माहितीतलं वजन ठेवून बघा, काटाच चुकीचा असेल तर कितीही पाकिटं मोजा, टेस्ट काट्याची होईल, मशीनची नाही.

आलेली वजनं, ग्रॅममध्ये: २५२, २४९, २५४, २५१, २४८, २५३, २५५, २५२, २५२, २५४, २५१, २५३.

आधी नुसती बघा. कागदावर आडवी रेघ मारून त्यावर ठिपके टाका. मधे गर्दी, दोन्हीकडे विरळ, एखादं २७० किंवा २१० नाही, म्हणजे टी टेस्ट (सरासरी तपासायची टेस्ट, गणित खाली) चालेल. सॅम्पल छोटं असताना टी टेस्टला एवढीच अपेक्षा असते की मूळ वजनं साधारण घंटेच्या आकारात पसरलेली असावीत, सॅम्पल तीस-चाळीसच्या वर गेलं की ही अट बरीच सैल होते. एखादा ठिपका फारच लांब दिसला तर आधी शोधा काय झालं, पाकीट फाटलं होतं का, आकडा लिहिताना चुकला का, टेस्ट नंतर.

आता गणित, एकेक पायरी

बेरीज ३०२४, भागिले १२, सरासरी २५२. नलपेक्षा २ ग्रॅम जास्त. आता हा २ ग्रॅम मोठा की किरकोळ हे कळायला पाकिटं आपापसात किती हलतात ते पाहिजे.

प्रत्येक वजनातून २५२ वजा करा: ०, −३, २, −१, −४, १, ३, ०, ०, २, −१, १. वर्ग करून बेरीज: ०+९+४+१+१६+१+९+०+०+४+१+१ = ४६. भागिले ११, बारा नाही, कारण सरासरी याच आकड्यांतून काढल्यामुळे एक आकडा मोकळा राहिलेला नाही, अकरा ठरले की बारावा आपोआप ठरतो. ४६ ÷ ११ = ४.१८, वर्गमूळ २.०४५. हे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे एक पाकीट सरासरीपासून साधारण २ ग्रॅम इकडेतिकडे असतं.

पण आपण एका पाकिटाबद्दल बोलतच नाहीये, बारांच्या सरासरीबद्दल बोलतोय आणि सरासरी एकट्या पाकिटापेक्षा कमी हलते, किती कमी तर √१२ ने. २.०४५ ÷ ३.४६४ = ०.५९. हा स्टँडर्ड एरर. काका इथेच फसले होते बघा, दोन पाकिटं बघून निकाल दिला आणि दोन पाकिटांची सरासरी तर दीड ग्रॅमने सहज हलू शकते.

टी = (२५२ − २५०) ÷ ०.५९ = ३.३९. म्हणजे आपली सरासरी नलपासून जवळपास साडेतीन स्टँडर्ड एरर लांब आहे. डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे वरचे मोकळे आकडे, ११. टीच्या टेबलमध्ये ११ च्या ओळीत, टू टेल्ड ५ टक्क्यांच्या रकान्यात २.२०१ दिसेल. ३.३९ त्याच्या बाहेर गेला, नल सोडून द्यायचं. एक्सेलमध्ये टी.डिस्ट.२टी मध्ये ३.३९ आणि ११ टाकलं की पी व्हॅल्यू ०.००६ च्या आसपास येते.

झेड नाही, टीच का? झेड वापरायला पॉप्युलेशनचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन माहीत पाहिजे आणि ते खऱ्या आयुष्यात कुणालाच माहीत नसतं, फक्त परीक्षेच्या पेपरात "सिग्मा दिलेला आहे" असतो. बारा पाकिटांवरून काढलेलं २.०४५ हे स्वतःच अंदाज आहे, त्या अंदाजाची किंमत म्हणून टीचं टेबल जरा जास्त कडक असतं, झेडला १.९६ पुरतात तिथे टीला २.२०१ लागतात. हे शोधलं ते विल्यम गॉसेट यांनी, डब्लिनच्या गिनीजच्या बिअर कारखान्यात नोकरीला होते, त्यांच्याकडेही सॅम्पल छोटीच असायची. कंपनी नावानिशी छापू देत नव्हती म्हणून १९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावाने पेपर छापला आणि आजही आपण स्टुडंट्स टी म्हणतो, मला कॉलेजात वाटायचं हे विद्यार्थ्यांसाठी सोपं करून दिलेलं काहीतरी असेल.

पी व्हॅल्यू म्हणजे नक्की काय

०.००६ म्हणजे "मशीन चांगलं असण्याची शक्यता ०.६ टक्के" असं नाही. हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की इथे जरा थांबतो. पी व्हॅल्यू असं सांगते: समजा मशीन खरंच २५० वर सेट आहे, आणि आपण अशी बारा-बारा पाकिटं हजार वेळा उचलली, तर नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूला, जेमतेम सहा वेळा दिसला असता. मशीन चांगलं आहे हे धरूनच आकडा काढलाय, मग तोच आकडा मशीन चांगलं असण्याची शक्यता कसा सांगेल? पावसात रस्ता ओला होतो म्हणून ओला रस्ता दिसला की पाऊसच झाला असं नाही, टँकरही गळत गेला असेल.

आणि उलटं पण लक्षात ठेवा, पी ०.३० आली म्हणून "सरासरी २५० च आहे हे सिद्ध झालं" असं होत नाही. एवढंच की या पाकिटांवरून २५० ला नाकारता येत नाही. तीन पाकिटं घेऊन टेस्ट केली तर जवळपास कुठलंही मशीन पास होईल.

मी तर म्हणेन पी पेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल आधी काढा, म्हणजे खरी सरासरी साधारण कुठून कुठपर्यंत असू शकते ती रेंज. २५२ ± २.२०१ × ०.५९, म्हणजे २५०.७ ते २५३.३. या रेंजमध्ये २५० नाही, म्हणजे टेस्टचा निकाल यातच आला, वर किती जास्त तेही कळलं. भावाला पी व्हॅल्यू सांगितली तर तो नुसता बघत बसला, मग म्हटलं दिवसाला ३,००० पाकिटं ना तुझी, पाकिटामागे २ ग्रॅम म्हणजे रोज ६ किलो चिवडा फुकट, कमीत कमी २ किलो आणि जास्तीत जास्त १० च्या आसपास. तो ताडकन उठला. पी व्हॅल्यूने गाळ्यात कोणी उठत नाही.

याच कारणाने दुसरीकडची चूकही सांभाळा. पाच हजार पाकिटं मोजली तर ०.१ ग्रॅमचा फरकही "सिग्निफिकंट", म्हणजे पी अल्फाच्या खाली, येईल, आणि ०.१ ग्रॅमसाठी सेटिंगला हात लावणं म्हणजे वेडेपणा.

प्रमाणाची टेस्ट: मामांचं उळं

वजन मोजता येतं तिथे सरासरी, जिथे हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं तिथे प्रमाण, प्रपोर्शन. उगवलं की नाही, पास की रिजेक्ट, हो म्हणाला की नाही.

निफाड तालुक्यात मामांनी उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बी, आणलं होतं, टाकायच्या आधी त्यांना शंका आली. कांद्याच्या बियाण्याला उगवण किमान ७० टक्के पाहिजे हा प्रमाणित बियाण्याचा निकष. मी म्हटलं मामा, तुम्ही टाकू नका लगेच, आधी ओल्या कागदात घालून बघू. पिशवीतून वरून, मधून, तळातून बी घेतलं, कालवलं, आणि मोजून २०० बिया, दाणेदार गुटगुटीत निवडून नाही, येईल ती. बाराव्या दिवशी मोजल्या, १२६ उगवल्या. ६३ टक्के.

नल: उगवण ०.७०. अल्टरनेट: ०.७० पेक्षा कमी. इथे वन टेल्ड बरोबर आहे कारण ८५ टक्के उगवलं तर मामा तक्रार करणार नाहीत, आणि हे आम्ही मोजायच्या आधी ठरवलं होतं.

स्टँडर्ड एरर = √(०.७० × ०.३० ÷ २००) = ०.०३२४. इथे नीट बघा, आत ०.७० घातलंय, ०.६३ नाही. टेस्ट करताना आपण "नल खरं आहे असं धरू" म्हणतोय, तर मग हलण्याचं मापही नलच्याच आकड्याने. माझ्या वर्गातली अर्धी मुलं इथे ०.६३ घालायची आणि उत्तर थोडंसंच चुकायचं, म्हणून चूक लक्षातही यायची नाही.

झेड = (०.६३ − ०.७०) ÷ ०.०३२४ = −२.१६. इथे टी नाही, झेडच, कारण हलण्याचं माप नलच्या ०.७० मधूनच निघालं, डेव्हिएशनचा वेगळा अंदाज करावा लागला नाही. पी व्हॅल्यू ०.०१५. नल नाकारा, हे बी ७० टक्क्याचं वाटत नाही.

इंटरव्हल काढताना मात्र नल बाजूला ठेवायचं, तिथे ०.६३ वापरायचं: √(०.६३ × ०.३७ ÷ २००) = ०.०३४, गुणिले १.९६, म्हणजे ५६ ते ७० टक्क्यांच्या किंचित खाली. मामांना याचा उपयोग असा की कमी उगवणीचा अंदाज धरून उळं थोडं जास्त टाकायचं की पिशवी परत न्यायची हे ठरवता येतं. त्यांनी परत नेली. दुकानदार म्हणाला तुमचं पाणी जास्त झालं असेल, ती कटकट आठवडाभर चालली, ती इथे सांगत नाही.

गंमत अशी की २०० ऐवजी १०० च बिया घेतल्या असत्या आणि ६३ च उगवल्या असत्या तर? स्टँडर्ड एरर ०.०४५८, झेड −१.५३, पी ०.०६३. तोच ६३ टक्के आणि निकाल उलटा. आणि २० बियांत ११, म्हणजे नुसते ५५ टक्के, बघून पोटात गोळा येईल, पण तिथे पी ०.११ निघते. बियाण्याच्या प्रयोगशाळेत शंभर-शंभरच्या चार अशा ४०० बिया लावतात ते उगाच नाही.

वीस बियांचा पी मी झेडने काढला नाही बरं का. झेड चालायला नलप्रमाणे अपेक्षित "हो" आणि अपेक्षित "नाही" दोन्ही किमान १० पाहिजेत. २०० बियांत १४० आणि ६०, चालेल. २० बियांत १४ आणि ६, नाही चालत, तिथे सरळ बायनॉमियल, म्हणजे हो-नाहीची नेमकी शक्यता मोजणारं गणित, वापरायचं, एक्सेलमध्ये बायनॉम.डिस्ट मध्ये ११, २०, ०.७ आणि शेवटी ट्रू.

दोन गटांची तुलना

इथे पहिला प्रश्न फक्त एक: जोड्या आहेत का?

टोमॅटोची आठ कॅरेट घरच्या काट्यावर मोजली आणि तीच आठ बाजारात एका व्यापाऱ्याच्या काट्यावर. घरचं वजा तिथलं, ग्रॅममध्ये: ३००, १००, ४००, २००, ०, ३००, २००, १००. ही जोडी आहे, प्रत्येक कॅरेट स्वतःशीच तुलना करतंय. अशा वेळी दोन रकाने विसरा, फक्त हा फरकाचा रकाना घ्या आणि वरची चिवड्यावालीच टेस्ट करा, नल: सरासरी फरक शून्य. सरासरी २००, स्टँडर्ड डेव्हिएशन १३१, स्टँडर्ड एरर ४६.३, टी ४.३२. ७ डिग्रीला टेबलात २.३६५. फरक खरा आहे.

आता हेच कोणी जोड्या मोडून दोन वेगळे गट समजून केलं तर? कॅरेटच १८ ते २४ किलोची, आपापसात दोन किलोने हलणारी, त्या गोंधळात २०० ग्रॅम बुडून जातात, टी कसाबसा ०.२ येतो आणि निष्कर्ष निघतो की काटा बरोबर आहे. डेटा तोच, टेस्ट चुकीची, नुकसान शेतकऱ्याचं. फक्त फरक सिद्ध झाला म्हणजे कुणाचा काटा चुकतोय हे सिद्ध झालं असं नाही, घरचाही असू शकतो.

जोड्या नसतील, म्हणजे दोन वेगळी मशीन, दोन वेगळे प्लॉट, तर प्रत्येक गटाचा वर्ग केलेला स्टँडर्ड एरर बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं आणि सरासऱ्यांचा फरक त्याने भागायचा. "दोन्हीचं व्हेरियन्स (डेव्हिएशनचा वर्ग) समान आहे का" या वादात पडू नका, सरळ असमान धरा, त्याला वेल्चची टेस्ट म्हणतात. एक्सेलच्या टी.टेस्ट मध्ये शेवटचा आकडा १ दिला तर जोडी, २ दिला तर समान, ३ दिला तर असमान. मी जोडी नसेल तर डोळे झाकून ३ देतो.

दोन प्रमाणं: समजा दिवसपाळीत ४०० पैकी १८ पीस रिजेक्ट, रात्रपाळीत ४०० पैकी ३४. साडेचार टक्के आणि साडेआठ टक्के. नल म्हणतं दोन्ही पाळ्यांचं प्रमाण एकच, तर मग एकत्रच करा: ८०० पैकी ५२, ०.०६५. स्टँडर्ड एरर = √(०.०६५ × ०.९३५ × (१/४०० + १/४००)) = ०.०१७४. झेड = ०.०४ ÷ ०.०१७४ = २.२९, टू टेल्ड पी ०.०२२. फरकाची रेंज साधारण ०.६ ते ७.४ टक्के, म्हणजे फरक आहे पण किती हे अजून धूसरच. आणि लगेच रात्रपाळीच्या पोरांना झापायला जाऊ नका, रात्री वेगळा जॉब लागतो का, वेगळ्या लॉटचा माल येतो का हे आधी बघा. टेस्ट फरक दाखवते, कारण नाही दाखवत.

किती सॅम्पल घ्यायचं

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर तो पहिल्या दिवशीचा आहे. एका सरासरीसाठी झटपट हिशोब: ८ × (स्टँडर्ड डेव्हिएशन ÷ जो फरक पकडायचाय तो) चा वर्ग. यात अल्फा ५ टक्के आणि फरक खरंच असेल तर दहापैकी आठ वेळा पकडला जाईल एवढी ताकद धरलीये. भावाकडे डेव्हिएशन २, पकडायचाय १ ग्रॅम, तर ८ × ४ = ३२ पाकिटं. अर्धा ग्रॅम पकडायचा म्हटलं तर १२८. फरक निम्मा, काम चौपट. दोन गट असतील तर प्रत्येक गटात ८ च्या जागी १६ धरा.

एक वाईट खोड आहे, ती मलाही होती: दहा मोजले, पी बघितली, नाही आली, अजून पाच मोजले, परत बघितली, आली की थांबलो. असं केलं तर ५ टक्क्यांची अल्फा ५ टक्के राहतच नाही. तसंच वीस गोष्टी एकाच वेळी टेस्ट केल्या, सगळं ठीकठाक असलं तरी त्यातली किमान एक तरी "सिग्निफिकंट" यायची शक्यता ६४ टक्के असते. आमच्याकडे महिन्याच्या मीटिंगला कोणीतरी असा एक लाल रकाना घेऊन येतोच. वीस केल्या असतील तर वीस केल्या हे सांगा, आणि अल्फा वीसने भागून ०.००२५ वापरा, जरा जास्तच कडक आहे पण चालतं.

लिहायचं कसं

"टेस्ट पास" असं लिहू नका. भावाच्या वहीत मी असं लिहून दिलं: दिवसभरात बारा पाकिटं, सरासरी २५२.० ग्रॅम, डेव्हिएशन २.०, टी ३.३९, डिग्री ११, पी ०.००६, रेंज २५०.७ ते २५३.३, रोजचा जादा माल अंदाजे ६ किलो. कुठला काटा, कुठली तारीख, हॉपर किती भरलेला, तेही खाली. सहा महिन्यांनी वही उघडली तर कळलं पाहिजे.

काकांनी सेटिंग खाली घेतलं. मग हिशोबाप्रमाणे ३२ पाकिटं काढली, या वेळी काकांनीच चिठ्ठ्या टाकल्या. सरासरी २५०.६, डेव्हिएशन १.९, टी १.७९, पी ०.०८. काका म्हणाले, "बघा, आता बरोबर अडीचशेवर आलं." मी म्हटलं काका, तसं नाही म्हणता येत, रेंज २४९.९ ते २५१.३ आहे, म्हणजे खरी सरासरी अडीचशेच्या एक नखभर खालीही असू शकते आणि तीच आपल्याला परवडत नाही. भावाने थोडा वेळ हिशोब केला, ३,००० पाकिटांमागे १ ग्रॅम म्हणजे ३ किलो, आणि म्हणाला जाऊ दे, ६ पेक्षा ३ बरे, तेवढे मुद्दाम देऊ. मशीनच्या बाजूच्या फळ्यावर आता खडूने २५१ लिहिलंय, पुढच्या महिन्यापासून नलचा आकडा तोच.